चालता येत नाही, मग वजन कमी कसं करायचं? समजून घ्या

व्हीलचेअरवर असलेल्याला 'रोज चाला' हा सल्ला काय कामाचा? पण वजन वाढत गेलं, तर पलंगावरून खुर्चीत जाणं अवघड होतं, खांद्यांवर ताण येतो आणि उचलणाऱ्या घरच्यांची कंबर धरते.

वजन का वाढतं?
पाय हलले नाहीत की स्नायू कमी होतात आणि शरीराला कमी ऊर्जा लागते. जेवण मात्र पूर्वीइतकंच राहतं.

ताटात काय बदलायचं?
एक चमचा साखर म्हणजे सुमारे २० कॅलरी. दिवसात चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. एक मोठा चमचा तेल सुमारे १२०. आधी हे कमी करा. वरण, उसळ, अंडी सोडू नका. डोंगरकडा परिसरात केळी मुबलक. केळ चालेल, पण जेवणावर जादा नको.

व्यायाम?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांगांना थोड्या हालचालीचाही फायदा होतो. खुर्चीत बसून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या वर-खाली करा.

वजन कुठे मोजायचं?
हळद, सोयाबीनची पोती मोजतात त्या काट्यावर खुर्चीसह वजन करा, मग रिकाम्या खुर्चीचं वजा करा. महिन्यातून एकदा पुरे.

काळजी काय घ्यायची?
उपाशी राहू नका. मधुमेहाचं औषध सुरू असेल किंवा बसून जखम झाली असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.