आधी शेंग बघा, मग कुंडी शोधा

पुसद तालुक्यातल्या त्या ‘रक्तचंदना’ची गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ झाली आहे. रेल्वेमार्गासाठी जमीन गेली, शेतातलं जुनं झाड रक्तचंदनाचं असल्याचं कुणीतरी सांगितलं, मूल्यांकन पाच कोटींच्या घरात गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये रेल्वेने नागपूर खंडपीठात एक कोटी रुपये भरल्याची बातमी झळकली. पुढे बंगळुरूच्या संस्थेत लाकूड तपासलं गेलं, तेव्हा झाड निघालं बिजासाल आणि किंमत अकरा हजारांच्या आसपास. पहिली बातमी घरोघरी पोचली, दुसरी आतल्या पानात राहिली. परिणाम असा, की साल खरवडल्यावर लाल चीक देणारं प्रत्येक झाड आता रक्तचंदन ठरू लागलं आहे.

अशाच एका झाडाचा फोटो मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याहून आला. पाठवणारे गृहस्थ नोकरीमुळे ठाण्यात, घर मात्र गावी. घरामागच्या परसात एक झाड आहे. खोड बुटकं, जाडजूड, गाठीगाठींचं. सालीवर कोयता लागला की रक्त येतं. त्यांचे प्रश्न दोन. हे रक्तचंदन का? आणि नसेल, तर एवढं देखणं खोड आहे, त्याचं बोन्साय होईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चिकात नाही, पानात आहे. रक्तचंदनाच्या एका पानाला बहुधा तीनच पर्णिका असतात, गोलसर आणि रुंद. पोशेऱ्याच्या फोटोत पाच ते सात दिसतात, लांबट, कडा किंचित लहरी आणि टोकाला बारीकशी खाच. रक्तचंदनाची साल काळपट असते, तिला चौकोनी भेगा पडतात. इथे ती करडी आहे आणि तिचे उभे पापुद्रे सुटताहेत. शिवाय रक्तचंदन मुळात आंध्रातल्या शेषाचलमच्या आणि आसपासच्या कोरड्या डोंगरांचं झाड. मोखाड्याच्या मुसळधार पावसात ते आपसूक उगवणार नाही. कुणी मुद्दाम लावलं असतं तर घरात त्याची आठवण असती.

हा बिवला आहे. कुणी बिबळा म्हणतं, कुणी बिजा, विदर्भात बिजासाल. म्हणजे पुसदला जे निघालं तेच. बिवला आणि रक्तचंदन दोघंही एकाच कुळातले, त्यामुळे लाल चीक दोघांनाही. बिवल्याचा चीक वाळला की माणकासारखे ठिसूळ खडे होतात. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात हिरादखण मागा, तोच मिळेल. याच्याच लाकडाचे पेले मधुमेहींना विकतात. रात्रभर पाणी ठेवलं की त्यावर निळसर झाक येते आणि गिऱ्हाईक खूष होतं. साखर उतरते की नाही ते डॉक्टरांना विचारावं.

मोबाइलमधल्या ॲपने या गृहस्थांना शिसव सांगितलं होतं. ॲपला हसायचं कारण नाही. शिसवीच्या पर्णिकाही पाच-सात, गोलसर, टोकाला खाच असलेल्या. नुसत्या पानावरून भलेभले फसतात. पण शिसवीची शेंग चपटी नि लांबट असते, आणि बिवल्याची असते पापडासारखी गोल, मधे बी आणि भोवताली पातळ पंख. अशी एक शेंग हातात आली की वाद मिटतो. म्हणून झाड ओळखायचं तर फुलाफळाच्या मोसमापर्यंत थांबायची तयारी हवी. पावसाळा सरता सरता बिवला पिवळ्या, सुवासिक फुलांनी भरतो, आणि हिवाळ्यात पंखवाल्या शेंगा झाडाखाली पडू लागतात. रक्तचंदन फुलतं ते उन्हाळ्यात. तेवढं कॅलेंडर पाहिलं तरी निम्मं काम होतं. तरीही शंका उरलीच, तर पान-फूल-शेंग असलेली डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी, गाव, तारीख आणि झाडाची उंची लिहून ठेवावी. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या कपाटांत असेच दाबलेले नमुने जपून ठेवलेले असतात आणि ताडून पाहता येतात. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ आजही उघडावा लागतो तो १९०१ ते १९०८ दरम्यान लिहिणारे थिओडोर कुक पेशाने इंजिनिअर होते, तेव्हा ‘आपलं ते क्षेत्र नाही’ ही सबब चालणार नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणं. परसातल्या झाडाचं नाव कळायला पोशेऱ्याचा माणूस ठाण्याहून ॲप उघडतो, याचं मला जरा नवल वाटलं.

आता बोन्साय. फोटो पाहून ज्याला बोन्साय सुचलं त्याची नजर वाईट नाही. पण ते बुटकं, गाठाळ खोड आलं कुठून? ही त्या भागातल्या राबाची करणी आहे. जव्हार-मोखाड्यात नागली, वरई, भाताची रोपं करायची तर आधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेण, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं, राख खत होते. या कामाला मुख्यतः ऐन लागतो, पण हाताशी असेल ते झाड सुटत नाही. बिवल्याचा पाला तर गुरंही आवडीने खातात, त्यामुळे त्याच्यावर कोयता दोन्हीकडून. दरवर्षी फांदी तुटते, तुटल्या जागी गाठ धरते, गाठीतून चार नवे धुमारे फुटतात, पुढच्या खेपेला तेही जातात. झाड उंच होत नाही, खोड मात्र जाड होत राहतं. बोन्सायवाला कात्री घेऊन कुंडीत जे करतो तेच हे, फक्त भूक भागवण्यासाठी आणि उघड्या माळावर. इंग्रज सरकारला यात निव्वळ नासाडी दिसली. ठाणे-कुलाब्यात राबावर निर्बंध आले, शेतकऱ्यांनी एवढी ओरड केली की १८८५ मध्ये त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. एका फांदीवरून झालेल्या भांडणाची एवढी कागदपत्रं क्वचितच असतील. मला तरी मोखाड्याच्या बांधावरचे हे छाटलेले ऐन कुठल्याही प्रदर्शनातल्या कुंडीपेक्षा जास्त वेळ उभं राहून पाहावेसे वाटतात.

तरी बिवल्याचं बोन्साय नको. कारण भावनिक नाही. बोन्सायला पान लहान लागतं किंवा छाटणीने लहान होणारं. बिवल्याची एकेक पर्णिका बोटाएवढी लांब, अख्खं पान वीतभर. दीड फुटाच्या झाडावर अशी आठ-दहा पानं आली की खोड दिसेनासं होतं आणि सगळा बेत फसतो. चिंचेचंही पान संयुक्तच, पण पर्णिका इवल्याशा, म्हणून चिंच कुंडीत शोभते. आणि परसातलं ते जुनं झाड खणून कुंडीत घालायचा विचार असेल, तर तो इथेच सोडावा. एवढ्या वाढलेल्या खोडाची खोल मुळं तोडली की वर धुमारे फुटतीलच याची खात्री कुणी देऊ नये.

खणण्याचं हे वेड हल्ली जरा जास्तच बोकाळलं आहे. कातळात अडकून खुरटलेलं झाड उपटून आणलं की वीस वर्षांचं काम एका दिवसात झाल्यासारखं वाटतं. राखीव जंगलातून ते आणणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, हे प्रदर्शनात बक्षीस घेताना फारसं कुणी सांगत नाही. आणि अशी बरीच झाडं पहिल्या उन्हाळ्यातच जातात. ती प्रदर्शनापर्यंत पोचत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

कुंडीसाठी वड-पिंपळाच्या कुळाला तोड नाही. नांद्रुक, पिंपरी, पायर ही पोशेऱ्याच्या आसपासचीच माणसाळलेली मंडळी. छाटली की फुटतात, उघडी मुळं सहन करतात, चार दिवस पाणी चुकलं तरी रुसत नाहीत. आणि ती जंगलातून आणायचीही गरज नाही. ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीकडे, पन्हळीच्या सांध्याकडे बघा. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं बी तिथे रुजलेलं असतं, आणि सोसायटी ते काढायला माणूसच शोधत असते. पावसाची पहिली झड येऊन गेली की चुन्याचा थर हलक्या हाताने फोडून मूळ शक्य तेवढं अखंड सोडवावं, पानं निम्मी काढावीत, भरड रेती नि विटांच्या चुऱ्यात लावून महिनाभर सावलीत ठेवावं. उथळ बोन्साय-कुंडीची घाई दोन वर्षं तरी करू नये.

बिवल्यासाठी पोशेऱ्याला काम वेगळं आहे. शेंगा पडायला लागल्या की पंख कातरून त्या दिवसभर पाण्यात भिजवाव्यात, पिशव्यांत पेराव्यात. सगळ्याच रुजत नाहीत, म्हणून एका पिशवीत दोन टाकाव्यात. रोपं पुढच्या पावसाळ्यात बांधावर लागतील. गृहस्थांना हे कळवलं तेव्हा त्यांचा उलट निरोप आला, की गच्चीवरची पिंपरी सोसायटीने गेल्याच महिन्यात ॲसिड टाकून मारली, दुसरी कुठे मिळेल?