पन्नास टाक्यांची आगगाडी

12 एप्रिल 2016 ची पहाट. लातूरच्या स्टेशनात एक गाडी येऊन थांबली. तिच्यातून एकही प्रवासी उतरला नाही, तरी अख्खं शहर तिची वाट बघत होतं. गाडीला आडव्या पिंपांसारख्या दहा टाक्या होत्या आणि प्रत्येक टाकीत पन्नास हजार लिटर पाणी. आदल्या दिवशी मिरजेहून निघालेली ही गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून आली होती. तिचं नाव होतं 'जलदूत'.

आता जरा हिशेब करू. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे एका टाकीत पन्नास टन पाणी. दहा-बारा मोठे हत्ती एकाच डब्यात बसवले तर जेवढा भार होईल, तेवढा! बादली उचलताना आपला हात का भरून येतो, ते कळलं ना? पाणी ही फार जड वस्तू आहे. म्हणून तर माणसाला पाण्याकडे जाणं सोपं आणि पाण्याला माणसाकडे आणणं अवघड.

लातूर मराठवाड्यातलं मोठं शहर. तिथं तेव्हा साधारण चार लाख माणसं राहत होती. शहराचं पाणी यायचं मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून. पण 2014 आणि 2015, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला आणि धरण आटलं.

धरण आटतं म्हणजे नेमकं काय होतं? घरातला तोटीचा माठ आठवा. तोटी तळापासून चार बोटं वर असते. पाणी तोटीच्या खाली गेलं की तोटी कितीही पिळा, थेंब येत नाही. माठात पाणी दिसत असतं, पण ते पेल्यात उतरत नाही. धरणातल्या अशा पाण्याला मृतसाठा म्हणतात. ते घ्यायचं तर पंप लावून उपसावं लागतं, आणि त्यात गाळही भरपूर असतो.

पाणी कमी पडायला लागलं की शहर पहिल्यांदा नळाचे दिवस कमी करतं. रोजचं पाणी एक दिवसाआड येतं, मग चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी. मला लहानपणी वाटायचं, त्यापेक्षा सगळ्यांना रोज थोडं थोडं का देत नाहीत? उत्तर पाइपात आहे. जमिनीखालचे लांबच लांब पाइप आधी पूर्ण भरावे लागतात, तेव्हा कुठे पाण्याला जोर येतो आणि ते शेवटच्या घरापर्यंत पोचतं. थोडंसंच सोडलं तर टाकीजवळची घरं भरून घेतात आणि टोकाची कोरडी राहतात. म्हणून एका वेळी एकाच भागाला पाणी देतात. व्हॉल्व्हमन काका येतात, रस्त्यातलं झाकण उचलतात, माणसाच्या कमरेएवढी उंच लोखंडी चावी आत घालतात आणि गोल गोल फिरवतात. एका भागाचा व्हॉल्व्ह बंद होतो, दुसऱ्याचा उघडतो. माझ्या मते दुष्काळात शहरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस हाच. त्याच्या चावीवर न्याय अवलंबून असतो.

लातुरात 2016 च्या उन्हाळ्यात हेही पुरेनासं झालं. नळ बंद पडले, टँकर सुरू झाले. टंचाईत सरकार खासगी विहिरी आणि बोअर ताब्यात घेऊ शकतं, त्याला अधिग्रहण म्हणतात. पाणी आधी पिण्यासाठी, बाकी सगळं नंतर, हा नियम. टँकर येण्याआधीच घागरी रांगेत उभ्या राहायच्या, माणसांच्या जागा धरून. निळी, हिरवी, तळाला चेपलेली. प्रत्येकाला आपली घागर लांबून ओळखू यायची. गर्दीत भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली गेली. पाण्यासाठी जमावबंदी! मी ती बातमी वाचली तेव्हा हातातला पाण्याचा पेला तसाच धरून बसले होते.

मग ठरलं, रेल्वेनं पाणी आणायचं. तेल वाहणाऱ्या टाक्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन स्वच्छ केल्या. मिरजेला कृष्णेचं पाणी होतं. आणि मिरज ते लातूर रूळही होते! या रुळांची गोष्ट मला फार आवडते. इथं पूर्वी बार्शी लाइट रेल्वे नावाची छोटी गाडी धावायची. तिच्या दोन रुळांमध्ये फक्त अडीच फुटांचं अंतर. दुष्काळाच्या जेमतेम काही वर्षं आधी हा मार्ग साडेपाच फुटी, म्हणजे ब्रॉडगेज झाला. नाहीतर एवढ्या अवजड टाक्या थेट लातुरात आल्याच नसत्या.

लातुरात हे पाणी रुळांजवळच्या एका मोठ्या विहिरीत सोडायचे, मग शुद्ध करून टँकरनं वाटायचे. काही दिवसांनी गाडीला दहाऐवजी पन्नास टाक्या लागल्या. एका खेपेत पंचवीस लाख लिटर!

केवढं तरी वाटतं ना? आता पेन्सिल घ्या. पंचवीस लाख लिटर भागिले चार लाख माणसं. उत्तर येतं सव्वासहा लिटर. म्हणजे रोज एक खेप आली, तरी एका माणसाला दिवसाला सव्वासहा लिटर! पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, सगळं त्यातच. शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर पाणी मिळावं असं आपल्याकडचं सरकारी माप आहे. तेवढं रेल्वेनं द्यायचं तर अशा एकवीस-बावीस गाड्या रोज लागल्या असत्या. म्हणून लातूरकरांनी काय केलं? भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसली, तेच पाणी मग संडासात टाकलं. एकच पाणी तीन-तीन कामं करून जायचं.

आणि त्यांनी आणखी एक काम केलं, ते मला गाडीपेक्षाही मोठं वाटतं. लोकांनी वर्गणी काढली आणि भर उन्हात मांजरा नदीचं कोरडं पात्र खोल करायला घेतलं. पोकलेन लागले, गाळाचे ढीग निघाले. एकदोन नव्हे, अठरा किलोमीटरचं पात्र! तेव्हा आकाशात ढगाचा पत्ताही नव्हता.

ऑगस्टपर्यंत जलदूत धावत राहिली. तिनं शंभराहून जास्त खेपा केल्या. मग सप्टेंबरच्या शेवटी पाऊस आला आणि असा कोसळला की ओढे रस्त्यांवर आले. खोदलेल्या पात्रात पाणी शिरलं, साठलं, वर चढत गेलं. धनेगावचं धरण भरलं, आणि ज्या धरणासाठी शहर वर्षभर आकाशाकडे बघत होतं, त्याचे दरवाजे उघडावे लागले.