काटक्यांची छोटी चूल : पत्रेकामाला नवे गिऱ्हाईक

पत्र्याचे डबे, बंब, ट्रंका बनवणारे आपले अनेक कारीगर आज रिकामे बसलेले दिसतात. प्लॅस्टिकने त्यांचे गिऱ्हाईक नेले. अशा बंधूंच्या नजरेस आम्ही एक वस्तू आणू इच्छितो. सह्याद्रीत भटकणारी काही तरुण मंडळी स्वयंपाकासाठी डब्याएवढी, काटक्यांवर जळणारी चूल पाठपिशवीतून नेतात. १९८९ च्या रेल्वे कायद्यामुळे गॅसची टाकी किंवा रॉकेल गाडीतून नेता येत नाही. या चुलीचे जळण मुक्कामावरच गोळा होते.

तिची बनावट सोपी आहे. एक डबा आत, एक बाहेर. मध्ये बोटभर पोकळी, ती वरून बंद. बाहेरच्या डब्याला तळाशी भोके. आतल्याला खाली जाळी आणि वर काठाजवळ भोकांची एक रांग. काही हवा जाळीतून जळणाला मिळते. बाकीची पोकळीतून तापत वर चढते, वरच्या भोकांतून आत शिरते आणि धूरच पेटवते. धूर म्हणजे न जळलेले इंधन. तो जळला की आच वाढते, काजळी घटते. म्हणून काटक्या वरच्या भोकांखालीच भराव्यात आणि वरून पेटवाव्यात. भांडे तीन टेकूंवर थोडे उंच बसावे, नाहीतर ज्योत गुदमरते.

जळणाचा हिशेब पाहा. १ लिटर पाणी उकळायला सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. १ किलो सुक्या लाकडात सुमारे ४००० असतात. त्यातला पाचवा हिस्सा भांड्याला लागला, तरी १०० ग्रॅम काटक्यांत काम भागते. काटक्या मात्र सुक्या हव्यात. ओल्या जळणावर ही चूलही धुरते.

कारीगरांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. तो विस्तवात तापला की निघणारा धूर घातक असतो. स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा घ्यावा. दुसरे, सांध्याला डाख चालणार नाही, तो आचेने वितळतो. सांधे दुमडून रिवेट मारावेत.

मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण. म्हणून विकतानाच सांगावे, की ही चूल तंबूत पेटवू नये. तिच्या विषारी वायूने झोपेत जीव जातो. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात विनापरवाना विस्तव करणे गुन्हा आहे. पायथ्याच्या गावात, घरमालकाला विचारून अंगणात ती पेटवावी आणि राख पाण्याने विझवूनच निघावे. या चार ओळी मराठीत छापून डब्यात घालाव्यात.

आम्ही कापडवाले, म्हणून एक जोड सुचवतो. वापरल्यावर भांडे आणि चूल दोन्ही काळी होतात. जाड सुती कापडाची, नाडीची पिशवी सोबत दिली तर गिऱ्हाइकाचे बाकी सामान स्वच्छ राहते आणि घरच्या शिलाई मशीनलाही काम मिळते.

पहिल्या खेपेला दहा-बारा नगच बनवावेत. प्रत्येकावर स्वतः चहा उकळून पाहावा, मगच भटकंतीचे सामान विकणाऱ्या दुकानांत दाखवावेत. सुरुवातीला उधारी टाळावी. माल चोख ठेवणे आपल्या हाती. बरकत देणारा अल्लाह आहे.