बेताच्या पैशांत समुद्रदर्शन

ज्या गोदावरीच्या काठी बसून आपण दर वसंतात व्याख्याने ऐकतो, तिची एक गंमत आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, तेथून पश्चिमेचा समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. पण आपली गंगामाई त्याच्याकडे पाठ फिरवते, आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत जन्मलेली वैतरणा मात्र जवळची वाट धरते आणि घाट उतरून अरबी समुद्र गाठते. सुटीत मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जायचे म्हटले, की आम्हां नाशिककरांचे बहुधा गोदावरीसारखे होते. समुद्र पायथ्याशी असतो आणि आम्ही तो हजार कोसांवर शोधायला निघतो. नोटांचा छापखाना आमच्या नाशिकरोडला असला, तरी त्या नोटा आमच्या घरांत काही वाहत येत नाहीत. म्हणून आज बोलायचे आहे ते वैतरणेच्या वाटेबद्दल.

अलीकडे जाहिरातींत उष्ण कटिबंधातील सुटीचे मोठे कौतुक असते. नारळाची झाडे, पांढरी वाळू, निळे पाणी आणि खाली हप्त्यांचा आकडा, असे ते चित्र. पण नकाशा उघडून पाहावा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि नाशिक विसाव्या अंशावर. म्हणजे आपण जन्मभर उष्ण कटिबंधातच राहत आलो आहोत! बर्फात सहा महिने काढणारा युरोपातला मनुष्य उन्हासाठी पैसे मोजतो, ते समजण्यासारखे आहे. आपल्या गच्चीवर ऊन फुकट आहे आणि नको इतके आहे. आपल्याला हव्या असतात त्या तीन गोष्टी : समुद्र, विसावा आणि घरची सगळी माणसे एका जागी. या तिहींपैकी तिकीट लागते ते फक्त पहिलीला.

हे शहाणपण आम्हांला उशिरा आले, ते कसे आले तेही सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत आम्ही दूरच्या एका किनाऱ्यावर जायचा बेत केला. मोटार भाड्याने ठरवली. सामान आणि माणसे मोजता एक जागा कमी पडू लागली. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे, मला काय करायचाय समुद्र?" आम्ही तो शब्द खरा धरला, कारण तो आमच्या सोयीचा होता. तेथे पोचल्यावर एका लॉजवाल्याने गर्दी पाहून दुप्पट भाडे सांगितले आणि आम्ही ते मुकाट्याने दिले. परत आल्यावर मुले आजीला लाटांच्या गोष्टी सांगू लागली. तिने सगळे ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "पाणी खरंच खारट असतं का रे?" पुढच्या वर्षी तुला नेतो, असे आम्ही म्हणालो. तिच्या वाट्याला ते पुढचे वर्ष आले नाही.

तेव्हापासून आमच्या हिशेबाच्या वहीतले रकाने आम्ही बदलले. पहिला रकाना "कोण कोण", दुसरा "किती रुपये", तिसरा "कोठे". बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. आधी ठिकाण ठरते, मग पैसे अपुरे पडतात आणि शेवटी माणूस गाळला जातो. काटकसर म्हणजे काय, तर गाळायचे ते ठिकाण, माणूस नव्हे.

रक्कम ठरवताना एकच पथ्य पाळावे. हाती असेल तेवढ्यातच भागवावे. आता सहलीसाठीही कर्ज मिळते, पण सहल पाच दिवसांत संपते आणि हप्ते वर्षभर दार ठोठावतात. ठरलेल्या रकमेचे आम्ही असे भाग पाडतो : शंभरातले पंचवीस प्रवासाला, पस्तीस मुक्कामाला, पंचवीस जेवणाखाणाला, पाच खरेदीला आणि दहा राखीव. हे राखीव दहा घरी परत आणायचे, अशा निश्चयानेच निघावे. मुलाला ताप आला किंवा शेवटची गाडी चुकली, तर ते कामी येतात.

आता ठिकाण. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र डहाणू-बोर्डीचा. त्र्यंबकेश्वर ओलांडून मोखाड्यावरून जव्हारला जावे. नाशिकपासून जव्हार सुमारे ऐंशी किलोमीटर. तेथे थोडे थांबावे, पाय मोकळे करावेत. हे मुकणे घराण्याच्या जुन्या संस्थानाचे गाव. त्यांचा जयविलास राजवाडा येथेच आहे. जव्हारहून खाली उतरले, की हवा दमट होऊ लागते, ताडाची झाडे दिसू लागतात आणि मुले दर वळणावर "आला का समुद्र?" असे विचारू लागतात. रेल्वेनेही जाता येते, पण कल्याण आणि वसई असा वळसा पडतो. २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल गाड्या धावू लागल्याने तो वळसाही पूर्वीइतका जड राहिलेला नाही. तळकोकणच पाहायचे असेल, तर १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे आहे. पण तो बेत जास्त दिवसांचा आणि जास्त पैशांचा.

एस.टी.च्या सवलतींचा हिशेब पुष्कळांनी कधी मांडूनच पाहिलेला नसतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासून आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या वृद्धांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे झाले. समजा, घरात आजी शहात्तर वर्षांची आहे, आईवडील आहेत, चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि नऊ वर्षांची मुलगी. आजीचे शून्य, आईचे अर्धे, मुलीचे अर्धे, बापलेकांची दोन पुरी. पाच माणसे तीन तिकिटांत समुद्रावर पोचतात, आणि आजीला नेल्याने गाडीभाड्यात एक पैसाही वाढत नाही. ही सवलत जाहीर झाल्याचे वाचले, तेव्हा आम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्यांना अनेक गावे हिंडायची आहेत, त्यांच्यासाठी एस.टी.चा "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पासही आहे.

मुक्कामासाठी मोठे हॉटेलच हवे असे नाही. किनाऱ्यावरच्या गावांत आता घरगुती राहण्याची सोय होते. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना याच धर्तीची आहे. निघण्यापूर्वी फोनवर तीन प्रश्न विचारावेत. भाडे खोलीचे की माणशी? जेवणाचे ताट केवढ्याला, आणि मुलांचे अर्धे धरता का? वृद्ध माणसाला जिना चढावा लागेल काय? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. दिवाळीचे पहिले दिवस, नाताळ आणि शनिवार-रविवार टाळले, की तीच खोली पुष्कळ कमी भाड्यात मिळते. भाऊबीज आटोपून सुटीच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या वारी गेलात, तर हवाही बरी आणि गर्दीही ओसरलेली. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असतो. कोळीसुद्धा तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात, मग आपण धाडस कशाला करावे?

जेवणाच्या बाबतीत एक चुकीची काटकसर आपल्याकडे फार रूढ आहे. स्टोव्ह, पातेली, पिठाचे डबे बरोबर घ्यायचे आणि घरच्या बाईने समुद्राकडे पाठ करून पोळ्या लाटायच्या! यात पैसे वाचतात, पण सुटी चौघांची होते आणि पाचव्या माणसाची मजुरी. वाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू जरूर न्यावेत. एकदा मुक्कामी पोचल्यावर मात्र दोन वेळचे ताट घरगुती खाणावळीतच घ्यावे, आणि त्या खर्चाला कात्री लावू नये. मधल्या वेळी शहाळे, उन्हाळ्यात ताडगोळे आणि हंगामात चिकू आहेतच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो बागेशेजारीच विकत घ्यावा. टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये. आपली काटकसर दुसऱ्याच्या पोटावर उभी राहता कामा नये.

समुद्राची वेळ पाहायला तर पैसाही लागत नाही, घरचे पंचांग पुरते. तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. जो अंक येईल, त्या सुमाराला भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा आडाखा मुंबईच्या किनाऱ्याचा. डहाणूकडे वेळ थोडी पुढेमागे होईल, म्हणून स्थानिक कोळ्याला विचारून घ्यावे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या आसपास पाणी त्या मानाने शांत. बोर्डीची पुळण सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी बरेच दूर जाते आणि मुलांना शंख-शिंपल्यांचे मैदान मोकळे होते. मात्र भरती चढू लागली, की दूर गेलेल्यांनी आधीच परतावे. आणि पाणी ओसरू लागले, की ते आत ओढते, तेव्हा पोहण्याचा मोह टाळावा. सहलीतली एवढी एकच चूक अशी, की जी राखीव दहा रुपयांनी भरून निघत नाही.

समुद्राखेरीजही तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि बहुतेक फुकट आहे. सुरूच्या बनातली सावली आहे. चिकूच्या वाड्या आहेत. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे देऊळ आहे. हा वारली चित्रांचा मुलूख आहे. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढल्या जाणाऱ्या या चित्रांना जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. छापील चित्राच्या दहा वस्तू घेण्यापेक्षा चित्रकाराच्या हातून काढलेले एकच लहान चित्र घ्यावे. खरेदीचे पाच रुपये तेथे सार्थकी लागतात. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि कारखान्यांवर बंधने घातली. येथल्या वाड्या-बागा टिकून राहण्यास त्याची मदत झाली. आता जवळच वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. त्यावर मते निरनिराळी असतील, पण हा किनारा पुढे असाच दिसेल असे धरून चालू नये. मुलांना दाखवायचा, तर लवकर दाखवावा.

कोणी म्हणेल, एवढा हिशेब करायचा तर सुटीची मजा ती काय? आमचा अनुभव उलटा आहे. ज्याने घरी बसून हिशेब केला, त्याला तेथे तो करावा लागत नाही. खिशात किती आहे ही धास्ती मनात नसली, की मनुष्य वाळूत खुशाल बसतो. मुलांना मागाहून आठवते ते खोलीचे भाडे नव्हे. आजीने पदर सावरून पाण्यात पहिले पाऊल टाकले आणि लाट येताच ती हसली, हे आठवते.

शेजारच्या एका घरातल्या आजी गेल्या हिवाळ्यात अशाच बोर्डीला जाऊन आल्या. परत आल्यावर आम्ही विचारले, "कसा काय वाटला समुद्र?" त्या म्हणाल्या, "खारट आहे हो, अगदी खरंच खारट!" हे वाक्य ऐकायला आम्ही पुष्कळ वर्षे थांबलो होतो. तुमच्या घरात ते ज्याच्या तोंडून ऐकायचे राहिले असेल, त्याचे नाव आज रात्री वहीच्या पहिल्या रकान्यात लिहा. बाकीचे आकडे मग आपोआप जुळतात.