छप्पन एपीओ नावाचं गाव नाही

अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या घरांत पोटमाळा आवरताना कधीकधी पत्र्याची ट्रंक निघते आणि तळाशी फौजेतल्या काकांची पत्रं सापडतात. श्रीलंकेत यादवी पेटलेली असताना, म्हणजे तिथलेच लोक आपसांत लढत असताना, भारताची शांतिसेना १९८७च्या जुलैअखेर तिथं उतरली. मार्च १९९०मध्ये ती परतली. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंटचे जवानही तिच्यात होते. त्या काळातली पत्रं आपल्या हाती आली, तर काय करायचं?

आधी वाचायची घाई नको. इकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, घड्या चिकटतात. पत्रं सावलीत, मंद पंख्याखाली दोन दिवस राहू द्या. उन्हात ठेवली तर शाई उडते. २६ जुलै २००५च्या पुरात भिजून एकजीव झालेला गठ्ठा असेल तर नख लावूच नका. तो कागदसंवर्धकाकडे, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.

सगळ्यात जास्त नुकसान प्रेमापोटी होतं. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावतात, तो काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत निघतच नाही. फाटलं तर फाटलेलं राहू द्या. दोन्ही बाजूंचे फोटो मात्र खिडकीच्या उजेडात लगेच काढून घ्या.

आता पत्ता पाहा. पाठवणाऱ्याच्या जागी सैन्यातला क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असेल. पुष्कळांना ते ठिकाणाचं नाव वाटतं. ते गाव नव्हे. एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. ५६ची टपाल दिल्लीहून आणि ९९ची कोलकात्याहून वाटली जाते. पलटण कुठं आहे हे शत्रूला कळू नये, म्हणून पत्त्यात जागा नाही, नुसता आकडा.

शिक्क्यातही गाव नसतं. तिथं क्षेत्रीय टपाल कार्यालयाचा, म्हणजे पलटणीबरोबर फिरणाऱ्या पोस्टाचा क्रमांक आणि तारीख असते. तिकीट असलं तर जमवायच्या नादात कापू नका, अर्धा शिक्का त्याच्याबरोबर जातो. शिक्क्याची तारीख आणि आत लिहिलेली तारीख जुळत नसेल तर घाबरू नका: लिहिलेलं पत्र पोस्टापर्यंत पोचायला कधी आठवडा लागायचा.

मग आत शिरा. सुरुवातीला ‘शि. सा. न. वि. वि.’ दिसेल, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पुढं ‘मी इकडे खुशाल आहे’, मनीऑर्डर मिळाली का, म्हैस व्याली का, धाकटीची फी भरली का. नव्यानं वाचणारा इथं हिरमुसतो, कारण लढाईचा पत्ताच नसतो. ठिकाण लिहायचं नाही असा हुकूम असे, आणि आईला काय कळवायचं याचा जवानाचा स्वतःचा हुकूम त्याहून कडक. माझ्या मते पत्रातली म्हैस हाच लढाईचा पुरावा आहे: माणूस चार पानं कशाकशावर बोलतो, ते ज्यावर बोलायचं नाही त्याच्यामुळंच.

म्हणून तारखा शेजारी ठेवून वाचा. उदाहरणार्थ, महार रेजिमेंटच्या ८व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ला श्रीलंकेत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या आठवड्याच्या आसपासचं ‘खुशाल आहे’ वाचताना ही तारीख मनात असू द्या.

ठेवताना खाकी पाकीट नको, त्यातल्या आम्लानं कागद करपतो. पांढरं, धुतलेलं सुती कापड चालेल. टिपणं वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं करा. ट्रंक भिंतीला टेकवू नका, कसर आणि वाळवी तिथूनच येते.

शेवटी, लिहिणारे हयात असतील तर फोटो त्यांच्यापुढं धरा. आमच्या शेजारच्या निवृत्त हवालदारांना मी असाच एक फोटो दाखवला. पहिल्या ओळीत तेच ‘खुशाल आहे’. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “अक्षर माझं नाही. तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरात होता.”