आपोआप तपासली जाणारी सराव चाचणी

वरवट बकाल आणि संग्रामपूर तालुक्यातल्या शिक्षकमित्रांनो, शिष्यवृत्तीच्या सरावाला गूगल फॉर्म जरूर वापरून बघा. सेटिंग्जमध्ये 'मेक धिस अ क्विझ' चालू करा. प्रत्येक प्रश्नाच्या 'आन्सर की'मध्ये अचूक उत्तर आणि गुण भरा. मुलाने 'सबमिट' दाबलं की निकाल लगेच हातात!

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

✅ आठवीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात. तिथे 'मल्टिपल चॉइस' नको, 'चेकबॉक्सेस' घ्या.

✅ उत्तर टाइप करायचं असेल तर '५' आणि '5' ही दोन्ही उत्तरं भरा. नाहीतर बरोबर उत्तरही चूक धरलं जातं.

✅ चुकीच्या उत्तरासाठी फीडबॅक लिहाच. १/५ + २/५ चं उत्तर मुलाने ३/१० दिलं, तर त्याला तिथेच दिसू द्या: 'छेद समान आहेत, फक्त अंशांची बेरीज कर.' नुसत्या गुणांपेक्षा ही एक ओळ जास्त शिकवते.

शेवटी 'रिस्पॉन्सेस'मधला सारांश बघा. जास्त मुलांचा चुकलेला प्रश्न तिथे कळतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आधी तोच घ्या. तपासणीचा वाचलेला वेळ शिकवण्यात जाऊ द्या!

#सरावचाचणी #शिष्यवृत्ती