वर्गणीची पावती आणि रायगडची समाधी

रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीपुढे गेलेला माणूस हात जोडतो, जयजयकार करतो आणि जगदीश्वराच्या देवळाकडे वळतो. समाधीवरची छत्री महाराजांच्या काळापासून तिथेच असावी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. समाधीला आजचे रूप आले ते १९२६ च्या सुमारास. त्या कामाचा मुहूर्त मात्र रायगडावर झाला नाही. तो आपल्या पुण्यात, हिराबागेत, ३० मे १८९५ रोजी भरलेल्या नागरिकांच्या सभेत झाला. सभा आणि समाधी ह्यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. ती कशी गेली, हे आज सांगायचे आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि कारखान्याच्या दारात झाले. पण माणसे जमवणे, वर्गणी गोळा करणे, अर्ज लिहिणे आणि साहेबाच्या दाराशी चिकाटीने बसून राहणे ह्यांत आमचे आयुष्य गेले. म्हणून एखाद्या मंडळाची कथा ऐकली की आमचे लक्ष आधी त्याच्या हिशेबाच्या वहीकडे जाते.

१६७४ साली ज्या गडावर राज्याभिषेक झाला, त्याच गडावर १६८० साली महाराजांचे निधन झाले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गड पडला, वाडे जळाले आणि पुढे तिथे रान माजले. तरी आठवण बुजली नव्हती. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी महाराजांवरचा पोवाडा छापला. १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात समाधीच्या दुर्दशेचे वर्णन केले आणि तिची डागडुजी करणारा कोणी नाही, ह्याबद्दल खेद व्यक्त केला. परक्याने आपल्याला आपल्या घरची पडझड दाखवावी, हे मनाला लागले. ओरड झाली, तेव्हा सरकारने देखभालीसाठी रक्कम मंजूर केली. किती? वर्षाला पाच रुपये!

अशा उत्तरावर दोन गोष्टी करता येतात. सरकारला शिव्या देऊन घरी जावे, किंवा स्वतःची संघटना उभारून पुन्हा त्याच दारात जावे. हिराबागेतल्या सभेने दुसरा मार्ग धरला. त्या सभेतून स्मारकाचा निधी आणि समिती उभी राहिली, आणि लोकमान्य टिळकांनी चिटणीसपदाचे काम अंगावर घेतले. ‘केसरी’ने हाक दिली आणि देणगीदारांच्या याद्या छापल्या. यादी छापणे ही किरकोळ गोष्ट समजू नका. ज्याने चार आणे दिले त्याचे नाव सरदाराच्या नावाच्या पंगतीत येते, तेव्हा ते स्मारक त्याचेही होते. १८९६ च्या एप्रिलात गडावर उत्सवही झाला.

मग अडचणींची रांग लागली. १८९७ साली टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली सहा वर्षांची झाली आणि ते मंडालेला गेले. त्याहून वाईट गोष्ट पुढची. निधी ज्या बँकेत ठेवला होता ती बँकच बुडाली. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला पैसा गेला.

ह्या ठिकाणी आम्ही नेहमी थबकतो. १९९४ साली आम्ही एका कारखान्याच्या दारात निधी जमवला होता. वर्षाने एका कामगाराने विचारले, “दादा, माझ्या दहा रुपयांचं काय झालं?” पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आम्ही नीट जपल्या नव्हत्या, आणि आम्हांला उत्तर देता आले नाही. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने वर्गणी दिली नाही, इतकेच. गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात. गेलेला विश्वास मिळवण्यास वर्षे लागतात. म्हणून रायगडच्या कथेत आम्हांला सर्वांत मोठे वाटते ते हे, की बँक बुडाल्यावर मंडळ बुडाले नाही. पुन्हा निधी जमवला गेला. १९२० साली टिळक वारले, तरी काम थांबले नाही, न. चिं. केळकरांनी ते पुढे चालवले. अखेर मंडळाचे आणि सरकारचे अशा दोन्हींच्या पैशांतून जीर्णोद्धार झाला.

इथे कोणी विचारील, की पैसा लोकांचा, श्रद्धा लोकांची, मग सरकारच्या मागे का लागावे? चार गवंडी घेऊन काम उरकावे! हा विचार मनाने चांगला, पण वास्तूला घातक आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे, विटांचे पापुद्रे सुटू लागतात. प्रेमाने केलेली दुरुस्तीच मारक ठरते. म्हणूनच १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला आणि स्वतंत्र भारताने १९५८ साली नवा केला. २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते.

मग नागरिकांच्या मंडळाने करायचे काय? आमच्या मते चार कामे. पडझड दिसताच लेखी कळवणे आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहणे. निधी जमवणे, १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीतून ठरावीक स्मारकासाठीही पैसा देता येतो. दुरुस्तीचा हात जाणकाराच्या हाती देणे. आणि काम झाल्यावरही पहारा न सोडणे. रायगड स्मारक मंडळ आजही दर चैत्री पौर्णिमेस गडावर पुण्यतिथी साजरी करते. पहारा म्हणतात तो हाच.

समाधीचे श्रेय जोतीरावांचे की टिळकांचे, ह्यावर अलीकडे फार भांडण होते. पोवाडा छापणाऱ्याचे ऋण मोठे, निधी उभारणाऱ्याचेही मोठे. पण ज्यांनी आणे दिले, बँक बुडाल्यावर पुन्हा दिले, ज्यांनी दगड गड चढवून नेला, त्यांची बाजू मांडायला ह्या भांडणात कोणी उभे राहत नाही. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदाची गोष्ट आहे. पण यादीत नाव गेल्याने भिंतीची ओल जात नाही. आपल्या पेठांतही पडायला आलेले वाडे आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमची एकच विनंती आहे. हळहळू नका, मंडळाचे सभासद व्हा. वर्गणी द्या, पावती मागून घ्या, ती जपून ठेवा आणि वर्ष संपले की सभेत उभे राहून विचारा, “माझ्या दहा रुपयांचं काय झालं?” ह्या प्रश्नाला ज्या मंडळापाशी उत्तर असेल, त्याच्या हाती वास्तू सुखरूप राहील.